दुरुस्त केलेली कादंबरी

कुठलाही लिहिलेला कागद हातात आला की डाकवाले दादा आधी तो मोठ्यानं वाचायचे, मग डोळे मिटून जरा थांबायचे आणि समोरच्याला विचारायचे, “आवाज येते काय?”

मला हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला तो एका लग्नपत्रिकेवरून. खामगावच्या एका छापखान्यात मी मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, तपासायचं काम करत होतो. पुतणीच्या लग्नाची पत्रिका छापायला ते आले होते. आमचा नेहमीचा मजकूर मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, डोळे मिटले आणि म्हणाले, “नाई भाऊ. यातून आवाज येत नाई. तहसीलीतून कोनी बलावून राह्यलं असं वाटते.” मग खिशातली पेन्सिल काढून खाली स्वतःच एक ओळ लिहिली: ‘पोरगी आमची एकुलती हाय, जेवाले नक्की या.’ आमचे कंपोझिटर दगडूजी ती ओळ जुळवताना हसत होते. लग्नाला एवढी माणसं आली की स्वयंपाक दोनदा करावा लागला, असं नंतर कळलं.

ते संग्रामपूरकडच्या खेड्यांत पोस्टमन होते. सातपुड्याच्या पायथ्याची दहा-बारा गावं, एक सायकल आणि खांद्यावर पिशवी. पण पत्रं वाटण्यापेक्षा त्यांचा वेळ पत्रं लिहिण्यात जास्त जायचा. लिहिता न येणारी माणसं, त्यातही बाया, त्यांना ओट्यावर बसवून सांगायच्या आणि ते लिहायचे. “वीस वर्षं मी दुसऱ्याचंच लिवलं,” ते म्हणायचे. “त्याईनं सांगितलं तसंच. माह्या घरचं एक अक्षर घातलं नाई.” असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याच्यापाशी अख्ख्या गावाची गुपितं असतात आणि तरी ज्याला गावात कुणी भीत नाही.

त्या बायांतली एक गिरजाबाई. तिचा नवरा मुंबईला गिरणीत गेला, आधी दोन वर्षं पत्र येत होतं, मग बंद झालं. ती दर महिन्याला यांच्याकडून पत्र लिहून घ्यायची. शेवटी एक पत्र परत आलं. त्यावर पोस्टाचा शेरा होता, ‘मालक सापडत नाही.’ तिचंच पत्र तिला परत द्यायला हे गेले आणि शेरा वाचून दाखवला. ती म्हणाली, “हे तर मले माहीतच होतं. त्याच्यासाठी टिकीट कायले लावलं?”

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी स्वतःचं पहिलं वाक्य लिहिलं. चार वर्षांत त्याची कादंबरी झाली. नाव तेच, ‘मालक सापडत नाही’. गिरजाबाईला त्यांनी आधी विचारलं होतं. ती म्हणाली होती, “लिही. पन मी बोलली तसं लिहिजो. नाईतर लोक म्हनतीन, हे दुसरीच कोनी.”

प्रकाशक कोण मिळणार होता? त्यांनी दोन ठिकाणी वही पाठवली, दोन्हीकडून ती परत आली. मग ते म्हणाले, आपणच छापू. दारची म्हैस विकली. “आता घरात काळा चहा पितो,” ते हसत सांगायचे, “पन कादंबरीले दूध लागून राह्यलं.” बायको काही बोलत नव्हती का, असं मी विचारलं. “बोल्ली ना. म्हने, म्हैस गाभन असती तर विकू नसती देल्ली.”

वही माझ्याकडे आली. आता जे सांगायचं आहे ते सांगायला मी बरीच वर्षं टाळाटाळ केली आहे.

मी दोन वर्षं पुण्याला शिकून आलो होतो. तिथं पहिल्याच आठवड्यात वर्गात मी ‘मले माहीत नाही’ म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. प्राध्यापकही हसले. त्यानंतर मी माझी जीभ अशी काही घासून काढली की सुट्टीत घरी आल्यावर आई मला वाढताना ‘आपण घेता का’ म्हणू लागली. शिक्षण अर्धवट सोडून परत आलो, पण ती जीभ तेवढी घेऊन आलो. छापखान्यात माझा मान होता तो त्या जिभेमुळे. शिवाय महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षंच झाली होती. इतकी वर्षं आम्ही हिंदीच्या शेजारी राहिलो, आता आपलं मराठीचं राज्य आलं, तर आपल्याकडून जे छापून बाहेर जाईल ते निर्मळ असावं, असं मला मनापासून वाटायचं.

पहिल्या सोळा पानांचं मुद्रित निघालं तेव्हा मी त्यातली सगळी बोलणी तांबड्या शाईनं बदलली. गिरजाबाईच्या एका पत्रात होतं, ‘तुमाले यायचं नसन तर नका येऊ. पन तसं एकडाव लिहून धाडा. मंग मले उंबऱ्यात बसा लागनार नाई.’ मी ते केलं, ‘आपणांस यावयाचे नसल्यास येऊ नये, परंतु तसे एकवार कळवावे, म्हणजे मला दारी प्रतीक्षा करीत बसावे लागणार नाही.’ मला ते फार सुरेख वाटलं होतं. हे कबूल करायला हवं.

रविवारी ते आले. मुद्रित घेऊन खिडकीपाशी बसले. वाचून झाल्यावर म्हणाले, “भाऊ, मेहनत लई घेतली तुमी.” मग दगडूजींकडून निळी पेन्सिल मागितली आणि माझी एकेक दुरुस्ती खोडून काढली. एकही सोडली नाही. कागद माझ्या हातात देताना एवढंच म्हणाले, “ते बाई अशी नाई बोलत.”

मी म्हणालो, “दादा, पुण्याचे लोक हसतील.”

“हसू द्या ना. हसाले तरी वाचतीन.”

“बरं,” मी म्हणालो. ते समाधानानं गेले.

सोमवारी मी दगडूजींना सांगितलं, तांबड्या शाईचंच घ्या. दगडूजी म्हणाले, “पन त्याईनं तर खोडलं हाय.” मी म्हणालो, “त्यांना कळत नाही. मी सांगतो तसं करा.” पुढची मुद्रितं मी त्यांना दाखवलीच नाहीत. निरोप पाठवला की मशीन मोकळं होतं म्हणून सोळा-सोळा पानांचे फॉर्म छापून टाकले. दोनशे दहा पानं मी अशी निर्मळ केली. मला वाटत होतं, मी त्यांच्यावर उपकार करतो आहे. पुस्तक नावाजलं गेलं की तेच येऊन माझे हात धरतील.

पुस्तक तयार झालं त्या दिवशी ते नवा सदरा घालून आले. पुस्तक उघडलंच नाही. वर-खाली फिरवून पाहिलं, वास घेतला, मुखपृष्ठावरच्या स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं आणि गठ्ठे बांधून एसटीच्या टपावर चढवले.

आठवड्यानं परत आले. बसले, पाणी प्याले. मग खाली पाहत म्हणाले, “भाऊ, काही पानाईत जुनं मुद्रित लागलं वाटते. कंपोझिटरच्या ध्यानात आलं नसन.”

त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. मी त्यातून सटकलो. म्हणालो, “हो, गडबडीत झालं खरं. दगडूजींचं वय झालं आता.”

दगडूजी तीन हातांच्या अंतरावर शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत उभे होते. त्यांनी ऐकलं. हातातली ओळ जुळवून पुरी केली. तीस वर्षांत त्या माणसाच्या हातून एक काना चुकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

पुस्तकाचे दिवस बरेवाईट गेले. ते टपालाच्या पिशवीत पाच प्रती घेऊन फिरायचे. एका हायस्कुलाच्या हेडमास्तरांनी ‘अगदी शुद्ध भाषा’ म्हणून चार प्रती घेतल्या आणि त्यांना शाल दिली. रोहिणखेडच्या एका वाचनालयानं त्यांना बोलावलं, हार घातला, पण ते लोक पुस्तक घ्यायचं विसरले. मी पुण्याच्या एका मासिकाला प्रत पाठवली होती, त्यात चार ओळी छापून आल्या. लेखकाची भाषा स्वच्छ आहे, पण त्याची खेडूत पात्रं पाटावर बसून व्याख्यान दिल्यासारखी बोलतात, खेड्याचा लेखकाला जवळून परिचय नसावा, असा त्याचा मतलब होता.

तो अंक मी लपवणार होतो. पण त्यांना तो आधीच कुठूनतरी मिळाला होता. मला दाखवत म्हणाले, “पाहा भाऊ. मले खेडं माहीत नाई म्हनते.” आणि हसले. त्या हसण्यात मला सामील व्हावं लागलं.

मग एकदा त्यांनी मला गिरजाबाईच्या गावी नेलं. शाळेच्या ओसरीत दुपारी वाचन ठेवलं होतं. बाया डोक्यावर पदर घेऊन दाटीवाटीनं बसल्या होत्या, बौद्धवाड्यातल्या बायाही आल्या होत्या, बाप्ये भिंतीला टेकून उभे होते. गिरजाबाई पुढेच होती. उंच, काळीसावळी, कपाळाला आठी. ते पुस्तक उघडून वाचू लागले. माझ्याही मांडीवर एक प्रत होती. दोन ओळींत माझ्या लक्षात आलं की ते वाचतात ते या पानावर नाही. नजर छापलेल्या ओळीवर, पानं वेळच्या वेळी उलटत होते, आणि तोंडातून येत होतं ते वहीतलं. मी खोडलेलं सगळं. बाया हसत होत्या, एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. मग उंबऱ्याचं ते पत्र आलं. गिरजाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि शेजारणीला म्हणाली, “बराबर हाय. असंच बोल्ली होती मी.”

वाचन संपल्यावर त्यांनी तिला एक प्रत दिली. तिची सून चौथीपर्यंत शिकलेली. सासूनं हौसेनं तिच्या हातात पुस्तक देऊन म्हटलं, “ते उंबऱ्याचं वाच वं पुन्हा.” सुनेनं शोधलं आणि अडखळत वाचलं. ‘आपणांस यावयाचे नसल्यास येऊ नये...’

गिरजाबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, “हे कोन बाई होय?”

सून घाबरून पानं चाळू लागली. गिरजाबाईनं यांच्याकडे पाहिलं. “डाकवाले दादा, तुमी तर माहं लिवतो म्हनले होते.”

मी उभा राहून सांगायला हवं होतं. जागा होती, वेळ होती, माणसंही तीच होती. मी माझ्या चपला शोधत होतो.

ते म्हणाले, “छापाचा कायदाच तसा हाय बाई. सरकारी मराठीत छापा लागते. वाचाचं मातर आपल्या मराठीत.”

“असा कसा कायदा?” ती म्हणाली. पुस्तक तिनं पदराखाली घेतलं नाही. ओसरीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि घरी गेली.

परतीच्या वाटेवर ते सायकल हातात धरून माझ्यासोबत एसटीच्या थांब्यापर्यंत चालत आले. कपाशीबद्दल बोलले, नव्या पोस्टमास्तरबद्दल बोलले. गाडी आल्यावर म्हणाले, “येत जा भाऊ. इकडे पुस्तकाचं बोलाले कोनी नाई.”

मी पुन्हा गेलो नाही. ते मात्र खामगावला आले की छापखान्यात यायचे. दुसरी कादंबरी लिहितो आहे म्हणायचे, पण वही कधी आणली नाही. पहिल्या वहीचा विषय मी काढलाही नाही, कारण ती आमच्याकडेच राहिली होती आणि तिच्या पानांनी मशीनवरची शाई पुसली गेली होती.

काही वर्षांनी काविळीनं ते गेले. मला बातमी उशिरा कळली. मी भेटायला गेलो तो सांगायचं ठरवूनच. त्यांची बायको ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होती. मी बसलो आणि इकडचं तिकडचं न बोलता सगळं सांगून टाकलं. तांबडी शाई, निळी पेन्सिल, दगडूजींचं नाव.

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, “त्याईले माहीत होतं.”

“कधीपासून?”

“पुस्तक उघडल्याबरोबर. तुमची दुरुस्ती त्याईनं आपल्या हातानं खोडली होती ना, मंग वळखनार नाईत? मी म्हनलं, जा अन् भांडा. माही म्हैस गेली त्याच्यात. तर म्हने, भांडीन, पन मंग पुस्तकाचं बोलाले जाऊ कोनाकडे?”

ती आत गेली आणि एक प्रत घेऊन आली. उरलेल्या प्रती ते शेवटची दोन वर्षं रोज संध्याकाळी घेऊन बसायचे, तिनं सांगितलं. निळ्या शाईनं एकेक ओळ खोडून वर जुनी आठवणीतून लिहायची. पूर्ण झालेली प्रत ज्यानं मागितली त्याला देऊन टाकायची. गिरजाबाईला पहिली दिली होती. “हे शेवटचं. मी ठेवून काय करू, मले वाचता येत नाई.”

गाडीत बसल्यावर मी ती उघडली. छापलेल्या ओळींवर निळं, बारीक, टपालवाल्याचं अक्षर. उंबऱ्याचं पत्र जसंच्या तसं. पान चौऱ्याहत्तरवर गिरजाबाई मुंबईला जायला निघालेल्या एका माणसाला अडवते आणि त्याला सांगते, ‘तो भेटला तर म्हना, तिले राग नाई’. तिथं शाई थांबली होती.

पुढच्या ओळी छापल्या होत्या तशाच होत्या. मी खिशातून पेन काढलं. ती पुढे काय म्हणाली होती ते आठवायचा प्रयत्न केला, शेगाव येईपर्यंत केला. मला एक शब्द आठवला नाही.