गाववाले सर आणि माझा तास

तो तास माझा होता, हे मी इतके महिने कोणाजवळही बोललो नाही.

आमच्या साताऱ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या सरांना मुले ‘गाववाले सर’ म्हणत. ते मूळचे कुंडलचे. नवा शब्द आला की फळ्यावर लिहून म्हणत, “दारात पाहुणा आला तर आपण आधी गाव विचारतो ना? मग ह्यालाही विचारा!”

त्या दिवशी मला सांगलीला एक प्लॉट पाहायला जायचे होते. रजा न टाकताच निघालो. नववीचा गणिताचा तास सरांच्या गळ्यात घातला. “बिनघोर जावा. पोरं रमवतो,” ते म्हणाले.

त्यांनी ‘स्कूलटाइम’ शब्द घेतला. स्कूलचे गाव ग्रीस. तिथे त्याचा अर्थ फुरसत. टाइमचे मूळ वाटणी करण्यात. “म्हणजे शेताला पाण्याची पाळी येते, तशी आपल्याला फुरसतीची पाळी?” एका मुलीने विचारले. “व्हय गं बाय, अगदी तशीच!” सर इतके खूश झाले, की अख्खा तास त्यातच गेला.

दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील, निवृत्त सुभेदार, मुख्याध्यापिकांच्या खोलीत उभे. “आवं, गणिताच्या तासाला फुरसत शिकिवता? पोराची परीक्षा तोंडावर हाय!”

“तो तास तुम्ही का घेतलात?” मॅडमनी सरांना विचारले.

मी शेजारीच होतो. सरांनी एकदाच माझ्याकडे पाहिले. मी टेबलावरचे हजेरीपुस्तक चाळायला घेतले.

“चुकलं, मॅडम,” सर म्हणाले. “बोलायला लागलो की मला भान राहत न्हाई.”

निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. पाचवीपासून त्यांच्या हाताखालून आलेली मुले दहावीत होती. तो वर्ग त्यांच्याकडून काढून घेतला आणि सरांना ग्रंथालयात बसवले. त्यानंतर मधल्या सुट्टीत त्यांनी नेहमीसारखा चहा पुढे केला. “प्लॉट पसंत पडला का?” त्या प्रश्नात मी टोमणा शोधत राहिलो. तो नव्हताच. असता, तर मला सोपे गेले असते.

निरोप समारंभाला मॅडम व्यासपीठावर होत्या, सुभेदार पहिल्या रांगेत. माझी बोलण्याची पाळी आली. माझा चेहरा पाहून सरांना काय उमगले कोण जाणे. त्यांनी हलकेच मान हलवली. नको, म्हणून. तरी मी माईक हातात घेतला.

“मॅडम, सुभेदारसाहेब, नववीचा तो गणिताचा तास माझा होता. मी न सांगता सांगलीला गेलो होतो. सर माझ्या शब्दाखातर वर्गावर गेले. मी गप्प बसलो म्हणून त्यांची मुले त्यांच्यापासून तुटली. सर, हे मी फार उशिरा बोलतो आहे. मला माफ करा.”