ड्रॉवरमधली किल्ली

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी तिला ताई म्हटलं. हा पहिला मूर्खपणा. बाकीचे त्याच्या मागून आले.

दिल्लीतलं सरकारी ऑफिस, सगळीकडे हिंदी, आणि सुपरिंटेंडेंटच्या खुर्चीत चक्क मराठी बाई. मी मुनिरक्याच्या भाड्याच्या खोलीतून आलेली, नवं लग्न झालेली, चापूनचोपून वेणी घातलेली वेडी. मला वाटलं, माहेर भेटलं. तीही खूश झाली. गाव विचारलं. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. तिचं हसू होतं तसंच राहिलं, पण पुढचं सगळं बोलणं हिंदीतून झालं.

लेडीज बाथरूमची किल्ली तिच्या ड्रॉवरमध्ये असायची. दुपारी मी मागायला गेले. ताई, किल्ली देता? ती संत्रं सोलत होती. आता मात्र मराठीत बोलली. इतरांना कळू नये, मला नीट कळावं म्हणून.

"नोकरी कोट्यातून मिळाली म्हणून किल्लीही मिळेल असं नाही. आणि मला ताई म्हणू नकोस."

मी काय म्हणाले? "सॉरी ताई." खरंच. परत ताई.

मग मी एक हुशारी काढली. पाणीच प्यायचं नाही. सकाळी अर्धा कप चहा, की घरी पोचेपर्यंत तोंड कोरडं. मे महिन्यात लूचे गरम वारे वाहायचे, बाकीच्या बायका ग्लासावर ग्लास रिचवायच्या, मी कूलरपाशी उभी राहून नुसती मनगटं भिजवायची. लघवी लागलीच तर पाय आवळून टायपिंग. पुढंपुढं लागेनाशीच झाली. आणि याचा मला अभिमान. नवऱ्याला सांगायची, मी उंटीण आहे. तो हसायचा. कशामुळे, ते त्यालाही सांगितलं नाही. ती रिटायर झाली, किल्ली दाराशीच खिळ्याला लटकू लागली, तरी मी सवय सोडली नाही. शहाणी ना.

नवरा गेला. मुलगा गुरुग्रामला, विसाव्या मजल्यावर. मी मयूर विहारात, एकटी. जळजळ, ताप, औषध, पुन्हा जळजळ. डॉक्टरांनी किडनी आणि मूत्राशयाचा अल्ट्रासाउंड लिहून दिला. मुलानं कॅब बुक केली. मीटिंग आहे यार आई, तू मॅनेज करशील ना? केलं. बाटलीभर पाणी पिऊन बसायचं, प्रेशर आलं की सांगायचं. माझ्यामागून आलेल्या बायका मांड्या आवळत आत गेल्या, कुणाच्या तरी हाताला धरून घरीही गेल्या. मला काही येईना. मी दुसरी बाटली प्यायले. बाटलीशीच काय ते बोलणं.

शेवटी तपासणारी डॉक्टर मुलगी मला स्वतःच आत घेऊन गेली. पोटावर गार जेली. मशीन फिरवता फिरवता तिचा हात थांबला.

"अम्मा, इतना भरा हुआ है और आपको पता नहीं चल रहा?"

मला मोकळं होऊन यायला सांगितलं, पुन्हा झोपवलं, पुन्हा पाहिलं. स्क्रीन माझ्याकडे वळवला. साठलेली लघवी त्यात काळी दिसते. जाऊन आले तरी ते काळं तळं जवळजवळ तेवढंच. पिशवी वर्षानुवर्षं ताणून सैल पडली होती, रिकामीच होत नव्हती. वर दोन्ही किडन्या फुगलेल्या. तिनं विचारलं, क्या काम करती थीं, बस चलाती थीं? सरकारी दफ़्तर में थी, मी म्हटलं. वहाँ बाथरूम नहीं था?

था.

ती गोष्ट कधीच संपली असं मी धरून चालले होते. ती पोटात बसून होती. आणि आता परक्या मुलीला दिसत होती.

लागत नाही, तर घड्याळ लावून जायचं, असं ठरलं. तेवढ्यानं भागलं नाही तर नळी घालावी लागेल. मी फोनवर अलार्म लावले. दिवसभरात मला हाक मारणारं तेवढंच.

संक्रांतीला मराठी मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम होता. पहिल्या रांगेत ती. हातात काठी, आता सगळ्यांचीच ताई. मला ओळखलं. किती वर्षांनी गं, म्हणाली, मराठीत. माझ्या तळहातावर तिळगूळ ठेवला. तेवढ्यात अलार्म वाजला. औषधाची वेळ का, तिनं मायेनं विचारलं. जुनी मी असते तर हो म्हणून मोकळी झाले असते. जुनी मी सॉरीही म्हणाले असते.

"लघवीची," मी म्हटलं. मोठ्यानं. "तुम्ही किल्ली दिली नाहीत, त्याचा अलार्म आहे हा."

आजूबाजूच्या खुर्च्या आमच्याकडे वळल्या. मी संत्रं सांगितलं, कोटा सांगितला, तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तिळगूळ तिच्या हातावर परत ठेवला. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, जाऊ दे ना आता. मी हात बाजूला केला आणि बाथरूम कुठंय ते विचारलं.

पुढच्या संक्रांतीला पुन्हा जाणार आहे. अलार्म लावून. जिथं चार मराठी माणसं जमतील तिथं हे सांगणार, कुणाला गोड लागो न लागो. आणि सगळं ऐकून घेतल्यावर ती काय म्हणाली, तेही सांगणार, एक शब्द न बदलता:

"अगं, एकदा नीट मागितली असतीस, तर दिली नसती का मी किल्ली?"