आतून दार उघडलं तर

तेव्हा चोर शिरला की भोंगा वाजवणारी यंत्रं आमच्या भागात नवीनच आली होती. दौंडच्या ज्या दुकानात मी कामाला होते, तिथले कारागीर यंत्र बसवून यायचे आणि दुसऱ्या दिवशी मी जाऊन घरच्यांना ते वापरायला शिकवायची. दिवसभर घरी बायकाच असतात, म्हणून शेठनं या कामाला मुद्दाम बाई ठेवलेली.

वरवंडच्या त्या बंगल्यातले गृहस्थ कुरकुंभच्या कारखान्यात सुपरवायझर होते. मी म्हटलं, "ताईंना बोलवा, म्हणजे दोघांनाही दाखवते."

"तिला नगं. मला दाखवा."

आकडे दाबून यंत्र चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, ते मी दाखवलं. स्वतःचे आकडे टाकताना त्यांनी हाताचा आडोसा केला. मग विचारलं, "मी ड्यूटीवर हाय, आन् आतनं कुणी दार उघडलं तर?"

"तरी वाजेल. तुमच्या मोबाईललाही फोन येईल."

"हेच पायजे."

त्यांची बायको चहा घेऊन आली. कप ठेवताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "आत गॅसनं पेट घेतला तर?"

"काय होत न्हाई," उत्तर त्यांनीच दिलं.

मी कागदावर त्यांची सही घेतली आणि निघाले. हायवेवर एसटीची वाट बघताना दोनदा वाटलं, परत जावं. गेले नाही.

तीन आठवड्यांनी त्यांचा दुकानात फोन आला, यंत्रात बदल करायचाय म्हणून. मी गेले तर शेजारच्या मळ्यातले म्हातारे आबा फाटकाशीच भेटले.

"परवा भर दुपारी भोंगा वाजाय लागला," ते म्हणाले. "आमी चोर म्हणून पळत आलो, तर बाई पिशवी घिऊन दारात उभी. म्हणली, आबा, मला माहेरच्या गाडीत बसवून द्या. चारचौघांदेखत दिली बसवून. ह्ये कारखान्यातनं येस्तोवर गाडी गेली हुती."

गृहस्थ आत शांत बसले होते. "भोंगा बंद करा. नुसता माझा फोन वाजला पायजे."

एक वायर काढली की झालं असतं. मी म्हटलं, "तसं करता येत नाही."

त्यांनी मोबाईल खिशात टाकला. "रविवारी आणतोय तिला. तवर दुसऱ्या कुणाकडनं करून घेतो."

घेतलंच; आमच्याच एका कारागिरानं करून दिलं. त्या रविवारनंतर एका सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम वरवंडला उतरले. फाटकाला बाहेरून कुलूप होतं. हाक मारली, तर खिडकीचा पडदा हलला.

मी आबांच्या मळ्यात गेले. आता भोंगा वाजणार नाही, दार उघडलं तरी फक्त तिच्या नवऱ्यालाच कळणार, हे त्यांना नीट समजावून सांगितलं. आबा खुरपं खाली ठेवून ऐकत होते.

"म्हंजी आमाला कळायचंच न्हाई. आता आपुनच जाऊन तिला इचारायला पायजे," ते म्हणाले. मग उठून बंगल्याकडं चालू लागले. मीही त्यांच्या मागं निघाले.