लाँड्रीवाल्या मावशींचा फोन

लाँड्रीवाल्या मावशींचं डोंगरावर कुणीतरी आहे, असं आमच्या गल्लीत बोललं जायचं. खोटं कशाला सांगू, त्या कुजबुजीला तिखटमीठ मीही लावलंय. कारणही तसंच होतं. नवरा बारा वर्षांपूर्वी न सांगता निघून गेलेला, आणि आभाळ भरून आलं की या बाई इस्त्री उभी करून आत जाणार, दार लोटणार, फोन लावणार. मिनिटभरात बाहेर, चेहरा कोरा. मिनिटभरात कसलं प्रेम उरकतं, हा प्रश्न मात्र कुणाला पडला नाही.

दुकानात पुढे इस्त्रीचं टेबल, मागे धुण्याची मोरी आणि तिच्याही मागे, डोंगरावरून येणाऱ्या ओढ्याला पाठ लावून, सासूबाईंची खोली. सासूबाईंचे पाय गेलेले, जीभ ठणठणीत.

त्या दिवशी समुद्रावरचं वादळ किनाऱ्याला आपटून थकलं होतं. जोर ओसरला, आता नुसते ढग उरलेत, असं रेडिओनं दुपारी सांगितलं आणि गल्ली निवांत झाली. वरच्या मजल्यावरचे शिंपीमास्तर जिन्यातून ओरडले, "मावशी, मेलं हो तुमचं वादळ!"

"वादळ मेलं, पाणी कुठे मेलंय? सकाळपासून खळीची एक चादर वाळली नाही माझी. एवढी ओल हवेत आहे, ती डोंगरावर जाऊन रिकामी होणार."

मावशी आत गेल्या, दार लोटलं. मास्तरांनी जिन्यातूनच मला, टेबलाशी थांबलेल्या गिऱ्हाइकाला, डोळा मारला. मावशी बाहेर आल्या त्या पदर खोचूनच.

"तासाभरात ओढा फुगणार. मास्तर, हात द्या. आईंना वर न्यायचंय."

"अहो, ऊन पडलंय!"

"ते इथं पडलंय."

आतून सासूबाई कडाडल्या, "मी हलणार नाही! त्या मास्तराच्या घरात जिकडेतिकडे सुया!"

मावशी चादरींच्या ढिगाकडे वळल्या. सगळ्यात जाड डबल चादर काढली, म्हातारीखाली सरकवली आणि कपड्यांच्या गाठोड्याला मारतात तशा चारही कोपऱ्यांना गाठी मारल्या.

"मला धुवायला टाकतेस की काय गं?"

"टाकलं असतं आई, पण तुमचे डाग जायचे नाहीत."

मावशी, मास्तर, मास्तरीणबाई आणि मी, अशी चौघं गाठी धरून जिना चढलो. गाठोडं वाटभर सूचना देत होतं. मास्तरांनी धापा टाकत विचारलं, "आणि गिऱ्हाइकांचे कपडे?"

"कपडे पुन्हा धुता येतात."

पाऊण तासानं, गल्लीत एक थेंब नसताना, ओढा आला. चहासारखा लाल, ओंडके घेऊन. मागची खोली बघता बघता खिडकीच्या वर बुडाली; सासूबाईंची खाट तरंगत येऊन दारात आडवी अडकली. सासूबाई तेव्हा मास्तरांच्या कापड बेतायच्या टेबलावर बसून चहा पातळ झाल्याची तक्रार करत होत्या.

मास्तरांना राहवलं नाही. "मावशी, डोंगरावर कोण आहे हो तुमचं?"

मावशींनी सासूबाईंकडे एकदा पाहिलं आणि सांगून टाकलं. डोंगरावरच्या केंद्रात पाऊस मोजणारा माणूस म्हणजे त्यांचा नवरा. मावशी विचारायच्या, किती झाला; तो आकडा सांगायचा; मावशी फोन ठेवायच्या. बारा वर्षांत दोघं दुसरं काही बोलली नव्हती.