मुरमाच्या खाणीचा रंग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला बसलो की मी नकाशापासून सुरुवात करायचो आणि नकाशातच अडकून राहायचो. आजही तिथूनच सुरू करतो — पण या वेळी थांबणार नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी धारवाडला एम.एस्सी. करत होतो. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आमच्या सरांनी एक काम घेतलं होतं: या कोरड्या भागात जमिनीवरची घाण कुठं लवकर खालच्या पाण्यात उतरेल, याचा नकाशा. पाणी किती खोल, माती कशी, खडक कसा, आणि वर जमीन कशासाठी वापरतात — हे सगळं एकावर एक ठेवायचं. धोक्याची जागा लाल, सुरक्षित जागा हिरवी. जमिनीच्या वापराचा कागद माझ्याकडं होता. उपग्रहाच्या चित्रावरून तो काढायचा, मग जीपनं हिंडून खात्री करायची. काम मला चांगलं जमत होतं. हे सांगायला हवं, कारण चूक अज्ञानातून झालेली नाही.

आता अप्पा. माझे वडील धारवाडजवळच्या बेलूरकडं एका कारखान्यात हमाल होते. कॉलेजात मात्र मी ते सुपरवायझर आहेत असं सांगितलं होतं. एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो असतो का?

आमच्या वस्तीमागं मुरमाची जुनी खाण होती. कारखान्यातलं पिवळं पाणी बॅरलमधून आणून तिथं ओतत. ओतणाऱ्यांत अप्पा होते — मग मला ठाऊक नसणार कसं?

एका दुपारी आमची जीप त्याच खाणीशी थांबली. समोरून अप्पा आले. सायकल हातात, कॅरिअरला रिकामा बॅरल. हा कुणी गावकरी पाण्यालाच निघाला असेल, असं सरांना वाटलं असावं. आमच्याकडं उन्हाळ्यात सगळेच बॅरल घेऊन हिंडतात. त्यांनी जीपमधूनच कन्नडमध्ये विचारलं, इथं काही टाकतात का? अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घालून कागदावर पेन्सिल फिरवत राहिलो. मुलगा ओळख देत नाही, हे त्यांना कळलं. का — ते कळलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

"एनू इल्लरी, सर," अप्पा म्हणाले. काही नाही, सर.

मी खाणीवर लिहिलं: पडीक. नकाशात तो तुकडा हिरवा आला.

नकाशाची एक प्रत मी घरी नेली. अप्पांनी ती भिंतीला लावली. येईल त्याला बोट ठेवून दाखवायचे. दोन वर्षांनी वस्तीची विहीर आटली, तेव्हा बोअर कुठं मारायची हे ठरवताना पंचायतीच्या लोकांनी तोच नकाशा पुढं धरला. बोअर हिरव्यात मारली. खाणीपासून हाकेच्या अंतरावर.

पुढच्या वर्षी मी सुट्टीला घरी होतो. शेजारची शांताक्का त्या बोअरच्या हातपंपावरून तरातरा आली. भात पिवळा पडतोय, पाण्याला वास मारतोय, म्हणाली.

"माझ्या पोरानं मापलेलं पाणी हाय ते," अप्पा म्हणाले. "नकाशात हिरवं हाय, बघ की!"

"मग नकाशाच शिजवून खा की, अण्णा!"

अप्पा हसले. मग माझ्याकडं वळले. "सांग रे हिला."

ज्या हातांनी बॅरल ओतले, त्या हातांपेक्षा त्यांना माझा कागद खरा वाटत होता. सर तिथं नव्हते. कॉलेज नव्हतं. लाज वाटावी असं समोर कुणीच नव्हतं — फक्त आमची माणसं.

मी म्हणालो, "हिरवंच आहे, अक्का."

शिकलेल्या माणसानं सांगितलं म्हणून तिनं मानलं. परत गेली आणि घागर भरून घेतली. खाणीत ओतलेलं पाणी कुठं उतरतं, हे त्या वस्तीत मला एकट्यालाच माहीत होतं.