शमीमने खोडलेलं नाव

शमीम गेल्याचा फोन आला तेव्हा साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये मी संशोधन प्रस्ताव कसा लिहावा हे शिकवत होते. समोर जेवणाच्या सुट्टीकडे डोळे लावून बसलेले प्राध्यापक, मागे बॅनर. फोन तिच्या नवऱ्याचा, इक्बालभाईंचा होता. "ताई, शमीम गेली," एवढंच म्हणाले. मी परत आत गेले आणि 'उद्दिष्टे व कालावधी' हा भाग शिकवून पूर्ण केला. का केला, ते मला आजही सांगता येत नाही. प्रमाणपत्रं वाटून झाली, फोटो निघाला... त्या फोटोत मी चक्क हसतेय. मग सांगलीची एसटी धरली. पोचले तोवर दफन झालं होतं.

ही प्रशिक्षणं आम्ही दोघींनी मिळून सुरू केली होती. ती वनस्पतिशास्त्राची, मी संख्याशास्त्राची. विद्यापीठात पीएचडी करताना एकाच खोलीत राहिलो, तेव्हापासूनची मैत्री. ती सांगलीत शिकवायची, मी साताऱ्यात. पुढे प्रत्येक कॉलेजला मूल्यांकनासाठी संशोधन प्रकल्प हवे झाले आणि प्राध्यापकांना प्रस्ताव लिहायला शिकवणारं कुणीतरी लागायला लागलं. आम्हाला बोलावणी येऊ लागली. शनिवार-रविवार, आज इथे, उद्या तिथे. सुरुवातीला हुरूप होता. नंतर नंतर बॅनरवरची तारीख तेवढी बदलायची. मला कंटाळा यायचा आणि मी तो लपवायचे. शमीम मात्र दमायची तरी प्रत्येकाचा कागद शेवटपर्यंत वाचायची. 'क्रांतिकारी', 'राष्ट्रीय महत्त्वाचे' असले शब्द दिसले की पेन्सिलने गोल करायची आणि विचारायची, "हे करणार कोण?"

कुंडलच्या बाजूच्या एका कॉलेजमधला प्रसंग आठवतो. पन्नाशीचे एक सर, घरची उसाची शेती, सगळ्या तालुक्यातल्या विहिरींचं पाणी तपासण्याचा प्रस्ताव घेऊन आले होते. शमीमने वाचला आणि विचारलं, "सर, तुम्हाला सुट्टी कधी असते?"

"रविवारी. पर रविवारी रानात असतो मॅडम."

"मग या विहिरींवर जाणार कोण?"

"कोनीच न्हाई," ते म्हणाले. "प्राचार्यांनी सांगितलंय, मोठं दिसाय पायजे."

शमीमने त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि दोघांनी मिळून तो प्रस्ताव लहान लहान करत सरांच्या शिवारातल्या विहिरींवर आणून ठेवला. निघताना सर म्हणाले, "आवं मॅडम, लय हलकं वाटलं बगा." प्राचार्यांना मात्र ते आवडलं नसावं. त्या कॉलेजने आम्हाला पुन्हा बोलावलं नाही. परतीच्या एसटीत मी कुरकुरले, तर म्हणाली, "जे जमणार नाही ते लिहायला शिकवायचं असेल, तर आपण कशाला? घरी झोपू की."

तिचा स्वतःचा प्रस्ताव मेढ्याच्या डोंगरांवरच्या गवतांचा होता. उन्हाळ्यात वणवे लागतात, माळ काळा होतो, पावसाळ्यात पुन्हा हिरवा दिसतो. पण परत येणारं गवत तेच असतं का? पवन्या, मारवेल या चांगल्या चाऱ्याच्या गवतांच्या जागी नुसती टोचरी कुसळी माजते का? जळलेल्या आणि न जळलेल्या जागा सलग तीन वर्षं बघायच्या होत्या. मेढ्याचाच संपत शेलार, तिच्या हाताखाली पीएचडी झालेला, जोडीला होता. प्रस्ताव जवळजवळ तयार होता आणि तिच्या पोटातल्या दुखण्याचं निदान झालं. कॅन्सर, आणि तोही पसरलेला.

पुढच्या भेटीत तिने मला प्रस्ताव दाखवला. मुख्य संशोधक म्हणून संपतचं नाव होतं. तिचं कुठेच नव्हतं. मी चिडले. "तुझं नाव असलं तर मंजूर होईल. त्याला कोण ओळखतं? राहू दे नाव, पुढचं पुढे बघू."

"कालावधी वाच," ती म्हणाली. "तीन वर्षं. त्याखाली मी सही करू?"

"सगळेच करतात गं... कोण बघतं?"

"कुंडलच्या सरांना मग मी उगीच छळलं म्हणायचं."

नंतरचे काही आठवडे तिने संपतकडून निधी देणाऱ्या समितीपुढच्या तोंडी परीक्षेची तयारी करून घेतली. पलंगावर उशीला टेकून ती प्रश्न विचारायची, संपत समोरच्या स्टुलावर घामाघूम. "असं न्हाई जमणार," ती मुद्दाम त्याच्या बोलीत म्हणायची, "समितीपुढं असा पुटपुटलास तर हाकलतील रं तुला." मधेच डोळे मिटायची. डोळे उघडले की पुढचा प्रश्न.

प्रस्ताव नामंजूर झाला. कारण दिलं होतं : मुख्य संशोधकाचा अनुभव अपुरा. संपत माझ्याकडे बघेना. मला वाटलं, आता तरी ती म्हणेल, तुझं ऐकायला हवं होतं. तिने ती मेल दोनदा वाचली. "बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "अनुभव नाहीच आहे. तो करून घ्यावा लागतो." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्यानंतर ती माझ्याशी प्रस्तावाबद्दल बोलली नाही. मला वाटलं, तिने सोडून दिलं.

ती गेल्यावर दीडेक महिन्याने इक्बालभाईंनी मला कुपवाडला बोलावलं. तिथे त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. कोपऱ्यातलं गोणपाट त्यांनी बाजूला केलं. खाली लोखंडी चौकटी होत्या, गवत मोजायला जमिनीवर ठेवतात तशा. चारी कोपऱ्यांना वरखाली होणारे पाय.

"पडल्या पडल्या चित्र काढून दिलं तिनं," ते म्हणाले. "म्हनली, डोंगर काय सपाट नसतोय. मंजुरी आली न्हाई तरी गवत उगवनारच हाय, तुमी करा." जरा थांबून म्हणाले, "ती असताना पुऱ्या झाल्या न्हाईत, ताई."

टेम्पोत घालून आम्ही त्या मेढ्याला नेल्या. इक्बालभाई पहिल्यांदाच त्या माळावर येत होते. उन्हाने माझं डोकं दुखत होतं. पुन्हा अर्ज करायचा का, हे विचारण्याचंही माझ्यात त्राण नव्हतं आणि संपतनेही विषय काढला नाही. त्याने जळलेल्या जागेत एक चौकट ठेवली, गुडघे टेकून तिचे पाय फिरवत बसवली. हात लावून बघितलं, हलत नव्हती.

"किती दिवस ठिवायच्या हितं?" इक्बालभाईंनी विचारलं.

"तीन वर्सं," संपत म्हणाला.

"गंजतील की रं."

इक्बालभाईंनी खाली बसून लोखंडावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली राख विजारीला पुसली.

"मी येतो," ते म्हणाले. "दर साली पावसाच्या आदी येऊन रंग मारून जातो."