सुकाणूचे बुश

हिंजवडीत नोकरी करणारा एक इंजिनिअर शर्यतीच्या शिडाच्या बोटीचं सुकाणू टेम्पोत घालून माझ्या चाकणच्या वर्कशॉपवर आला. बोट मुंबईला, आणि ती चालवते त्याची मुलगी. सुकाणूचा दांडा ज्यात फिरतो ते दोन्ही बुश झिजले होते.

"दांडा खडखडतो हो. तिच्या हाताला झटके बसतात," तो म्हणाला.

मी बोट जवळून कधी पाहिलेली नाही. पण खडखड म्हटलं की माझं डोकं फिरतं. तीस वर्षं लेथवर हाताखालच्या पोरांना हेच ऐकवत आलोय, ढिलं काम म्हणजे कामचुकारपणा. नायलॉनचे नवे बुश असे नेमके कापले की दांडा हाताने रेटून आत घालावा लागला. तो खूश, मी त्याहून खूश. सवयीप्रमाणे एक बुश जास्तीचा केला होता, तो कूलंटच्या पाण्याच्या बादलीत टाकला आणि विसरलो.

पुढच्या आठवड्यातला गुरुवार, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या भागातली आठवड्याची सुट्टी. मला सुट्टी सोसत नाही. थेरगावच्या दोन खोल्यांत माझ्या येरझाऱ्या बघून बायको वैतागली. "अहो, जा, मशीन तरी पुसून या!"

गेलो. बादली धुताना तो बुश हाताला लागला. उगाच मायक्रोमीटर लावला. फुगला होता. परत मोजला, तेच. नायलॉन पाणी पितं, हे मी शिकाऊ असताना ऐकलं होतं. बोटीत बुशला बाहेर फुगायला जागाच नाही, म्हणजे तो आतला दांडा आवळणार. मी लगेच त्या इंजिनिअरला फोन लावला.

तिसऱ्या फोनला त्याने उचललं.

"सुकाणू कसं चालतंय?"

"दोन दिवस जड लागतंय म्हणते. नवं आहे, बसेल. रविवारी शर्यत आहे ना."

"तिला बोट काढू देऊ नका, साहेब. चूक माझी आहे."

तो म्हणाला, "ती आत्ता सरावाला पाण्यातच आहे," आणि फोन कट केला.

काय करावं सुचेना. पाणी न पिणाऱ्या प्लास्टिकचा एक तुकडा पडला होता, तो लेथला लावला. एक डोळा कामावर, एक फोनवर. पहिला बुश वाया घालवला. दीड तासाने फोन आला. सुकाणू मध्येच जाम झालं होतं, शीड उतरवून दुसऱ्या बोटीने तिची बोट ओढत किनाऱ्याला आणली होती. मी खाली फरशीवर बसलो आणि रडलो. सांगायला लाज कसली?

शुक्रवारी बापलेक सुकाणू घेऊन आले. तिच्या मनगटाला पट्टी होती. नव्या बुशात तिने स्वतः दांडा घातला, अलगद गेला. तिने तो धरून हलवून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं.

"काका, किंचित हलतंय."

"हलू दे, बाळा," मी म्हणालो.